प्रभुभोजन म्हणजे नेमकं काय, आणि ते आलं कुठून?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. शेजारच्या घरातल्या ख्रिस्ती मुलीचं दृढीकरण (बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतः पक्का करण्याचा चर्चमधला विधी) होतं, बिशपसाहेब येणार होते, आम्हालाही बोलावणं होतं. जालन्यात लहानाचा मोठा झालो, नाताळाचा फराळ दरवर्षी खाल्ला, पण प्रभुभोजनाचा विधी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. लोक रांगेनं पुढं जाऊन गुडघे टेकत होते, हातावर एक पातळ पांढरी चकती, मग पेल्यातून एक घोट. आम्ही मागच्या बाकावर बसून राहिलो. कुणी या म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही.

शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "प्रभूनं सांगितलंय म्हणून करतो." त्यांना तेवढं पुरतं, मला जरा खोलात हवंय. हे येशूनं स्वतः सुरू केलं की नंतरच्यांनी? याला प्रसाद म्हणायचं का? आमच्यासारख्यांना देतात का? आणि "हे माझे शरीर" असं म्हणून खायचं, याचा अर्थ तुम्ही लोक काय लावता?

धर्मांतराचा वाद इथं नको. त्याचे धागे पोत्यानं आहेत.

पाळकाची_लेक

चांगला धागा. माझे वडील सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चसंस्थेच्या, मंडळीत (चर्चच्या समुदायात) पाळक होते, त्यामुळं प्रभुभोजनाच्या रविवारी पांढरं कापड इस्त्री करण्याची ड्यूटी लहानपणापासून माझ्याकडं. तेव्हा थोडं लांबेल.

प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल. वधस्तंभाच्या आदल्या रात्री यरुशलेमात येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. भाकर घेतली, उपकारस्तुती केली, मोडून दिली आणि म्हणाला, हे माझे शरीर. मग पेला घेऊन म्हणाला, हे माझ्या रक्तातला नवा करार. येशूची हकिकत सांगणारी चार शुभवर्तमानं बायबलात आहेत. त्यातली मत्तय, मार्क आणि लूक सांगतात की हे वल्हांडणाचं भोजन होतं. वल्हांडण म्हणजे मिसर देशातल्या गुलामीतून सुटका झाली त्याची आठवण ठेवणारा यहूदी सण. कोकरू कापायचं, बेखमीर (खमीर न घातलेली) भाकर खायची आणि लेकराबाळांना सुटकेची गोष्ट सांगायची. योहानाचं गणित मात्र वेगळं आहे. त्याच्या हिशोबानं वल्हांडणाची कोकरं कापली जातात त्याच दिवशी येशू मरतो, म्हणजे आदल्या रात्रीचं जेवण सणाचं नव्हतंच. शिवाय योहानाच्या त्या रात्रीत भाकर-पेल्याचे शब्द नाहीत. तिथं येशू कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतो.

"करार" आणि "रक्त" ही जोडी येशूनं नव्यानं जुळवलेली नाही. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मोशे बळीचं रक्त लोकांवर शिंपडतो आणि म्हणतो, हे कराराचं रक्त. यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात "नवा करार" येतो. जेवायला बसलेल्या बारा यहूदी माणसांच्या कानांना हे शब्द ओळखीचे होते.

आता मला जे खरं महत्त्वाचं वाटतं ते. याची सगळ्यात जुनी लेखी साक्ष शुभवर्तमानांत नाही. ती प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, इ.स. ५४च्या आसपास, म्हणजे मार्कचं शुभवर्तमान लिहिलं जाण्याच्याही आधी. आणि पौलानं ते विधी शिकवायला लिहिलेलं नाही, झापायला लिहिलंय. अकरावा अध्याय वाचा. करिंथची मंडळी कुणाच्या तरी घरी जमायची आणि पोटभर जेवायची. पैसेवाले लवकर यायचे, आपलं आणलेलं आपणच खायचे, काही तर पिऊन तर्र व्हायचे. गुलाम, हमाल, रोजंदारीवाले काम संपवून येईपर्यंत सगळं संपलेलं. रोमन घराच्या जेवणखोलीत तीन मंचकांवर साधारण नऊ माणसं मावायची, बाकीचे बाहेर चौकात. आत कोण आणि बाहेर कोण, हे कुणाला सांगायला नकोच.

पौल म्हणतो, तुम्ही एकत्र येऊन जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. जेवायला तुम्हाला घरं नाहीत का? ज्यांच्याकडं काही नाही त्यांना तुम्ही लाजवता? आणि या रागाच्या भरात तो सांगतो, ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली... जे शब्द आज प्रत्येक चर्चमध्ये गंभीर आवाजात म्हटले जातात, ते पहिल्यांदा कागदावर उतरले ते पंक्तिप्रपंचावरच्या भांडणात. अध्याय संपता संपता पौलाची सूचना साधी आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

आमच्या मंडळीत लोक "अयोग्य प्रकारे खाईल तो दोषी" हे २७वं वचन घेऊन बसतात आणि घरात वाद झाला म्हणून भोजनाला येत नाहीत. वडील चिडायचे. म्हणायचे, जाऊन वाद मिटवा ना, उपास कशाला धरता?

वसमतचा_वाटाड्या

माहिती चांगली, पण शेवटचा प्रश्न तुम्ही सोडलात की ताई. शरीर खा, रक्त प्या. आम्ही केलं असतं तर अघोरी म्हणून नावं ठेवली असती.

पाळकाची_लेक

ठेवलीच होती, दादा! दुसऱ्या शतकात रोमन लोकांचा ख्रिस्ती मंडळींवर हाच आरोप होता की हे दारं लावून माणसं खातात. त्याच काळातला एक सरकारी कागद उपलब्ध आहे. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात बिथिनिया नावाचा रोमन प्रांत होता, तिथला राज्यपाल प्लिनी यानं ११२च्या सुमाराला सम्राट ट्राजानला पत्र लिहिलं. त्यानं चौकशी केली, दोन दासींना छळूनही विचारलं, आणि कळवलं की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताचं गीत म्हणतात आणि नंतर पुन्हा जमून जेवतात. जेवण साधं, निरुपद्रवी.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी जस्टिन मार्टर नावाच्या ख्रिस्ती पंडितानं सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिलं. त्यातला रविवार आजच्या माणसालाही ओळखू येईल: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर, पाणी घातलेला द्राक्षारस, सगळ्यांचं "आमेन". जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडं सेवक वाटा घेऊन जातात, आणि जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावच्या माणसांसाठी. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे. जस्टिन म्हणतो, बाप्तिस्मा झालेल्यांनाच हे देतो.

घोगरगावकर

मी कॅथलिक. ताईंनी छान लिहिलंय, पण पंगतीच्या बाजूला काटा जरा जास्तच झुकलाय. आमच्यासाठी मिस्सा (प्रभुभोजनाची आमची उपासना) म्हणजे आधी ख्रिस्ताचं बलिदान, मग भोजन. फादर "ख्रिस्ताचं शरीर" म्हणतात आणि मी "आमेन" म्हणतो, तेव्हा मी आठवण काढत नसतो. समोर तो स्वतः आहे असंच मी मानतो.

ही श्रद्धा नंतर कुणी चिकटवलेली नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, माझा देह खाल्ल्याशिवाय तुमच्यात जीवन नाही. ऐकणारे म्हणतात, हे वचन कठीण आहे, आणि बरेच शिष्य सोडून जातात. तो त्यांना थांबवून "अरे, मी उपमा दिली" असं म्हणत नाही. अंत्युखियाचा बिशप इग्नाती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला या भाकरीला अमरत्वाचं औषध म्हणतो.

हे कसं घडतं याची परिभाषा मात्र उशिरा आली. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं "द्रव्यांतर" हा शब्द अधिकृत केला, थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानं त्याची तार्किक मांडणी केली आणि १५५१ला ट्रेंटच्या परिषदेनं तो पक्का केला. रंग, चव, वास भाकरीचाच राहतो, मूळ तत्त्व बदलतं. म्हणून मिस्सानंतर उरलेला ख्रिस्तप्रसाद टाकत नाहीत. तो वेदीजवळच्या पेटीत ठेवतात, जवळ दिवा तेवत असतो, आजाऱ्यांना घरी नेऊन देतात.

दुधनाकाठ, तुमच्या प्रश्नाला: आमच्याकडं बाप्तिस्मा न झालेल्यांना देत नाहीत. तुम्ही हात छातीवर आडवे धरून पुढं आलात तर बरेच फादर आशीर्वाद देतात. यात अपमान कुणाचा नाही.

वसमतचा_वाटाड्या

मग प्रोटेस्टंटांचं काय? त्यांना ते बदलतं हे मान्य नाही?

पाळकाची_लेक

त्यांचं आपसातही मान्य नाही. १५२९मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला रोमच्या चर्चपासून वेगळे झालेले दोन सुधारक, ल्यूथर आणि झ्विंग्ली, समोरासमोर बसले. पंधरा मुद्दे होते. चौदांवर जमलं, पंधराव्यावर, म्हणजे भोजनावर, फाटलं. सांगतात की ल्यूथरनं मेजावर खडूनं "हे माझे शरीर आहे" असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि तिथून हलायला तयार होईना. झ्विंग्लीचं म्हणणं, हे स्मरण आहे, "आहे" म्हणजे "दर्शवते". काल्विन हा आणखी एक सुधारक मधला: भाकर भाकरच राहते, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे विश्वासणारा खरोखर ख्रिस्ताचा वाटेकरी होतो.

आणि घोगरगावकर, पेल्याचं पण सांगा की. १४१५ला कॉन्स्टन्सच्या परिषदेनं सामान्य माणसाला पेला द्यायचा नाही, फक्त भाकर, असा ठराव केला. त्याच परिषदेनं त्याच उन्हाळ्यात बोहेमियातल्या यान हुस या सुधारकाला जाळलं. त्याचे अनुयायी नंतर झेंड्यावर पेल्याचं चित्र लावून लढले.

घोगरगावकर

सांगतो की, लपवायचं काय त्यात. पण व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर सामान्य माणसाला पेला पुन्हा देता येतो. मिस्साही आपापल्या भाषेत आली. आमच्या भागात फ्रान्सच्या आनेसीहून आलेल्या फ्रान्सलियन फादरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काम सुरू केलं. ते गावात अस्सल मराठी बोलायचे आणि वेदीपाशी लॅटिन. आमचा आजा सगळी मिस्सा गुडघ्यावर ऐकायचा, शब्द एक कळायचा नाही. मराठी मिस्सा सुरू झाली तेव्हा तो कुरकुरला होता, म्हणे आता देवाचं आपल्यासारखंच झालं!

नाथषष्ठी

पैठणचा आहे, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडं षष्ठीला काला होतो, दहीहंडी फुटते आणि काल्याचा प्रसाद सगळ्यांच्या तोंडी जातो, कुणाचा हात कुणाला लागला कुणी बघत नाही. नाथमहाराजांनी पितरांच्या श्राद्धाचं अन्न अंत्यजांना वाढलं आणि ब्रह्मवृंद खवळला, ही कथा तर पोराटोरांना ठाऊक आहे. मला प्रभुभोजन वाचताना तेच आठवतंय. एकच म्हणा ना!

पाळकाची_लेक

जवळचं आहे हे खरं, एक नाही म्हणणार. काल्यात कृष्णाच्या बाळलीलेचा आनंद आहे, गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र केलेल्या. इथं मध्यभागी मृत्यू आहे. पौल स्पष्ट लिहितो, तुम्ही खाता-पिता तेव्हा प्रभू येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करता.

पण तुमच्या म्हणण्याला बळ देणारं एक जुनं पुस्तक आहे. "डिडाखे", बारा प्रेषितांची शिकवण. साधारण पहिल्या शतकाच्या अखेरचं मानतात. त्याची प्रत १८७३ला कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात सापडली आणि १८८३ला छापली गेली, तेव्हा अभ्यासक चक्रावले. त्यातल्या उपकारस्तुतीत आधी पेला आहे, नंतर भाकर, आणि शेवटच्या रात्रीचा, शरीराचा, रक्ताचा उल्लेखच नाही. प्रार्थना अशा अर्थाची आहे: ही मोडलेली भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांहून गोळा होवो. म्हणजे सुरुवातीला सगळीकडं एकच साचा नव्हता. लूकमध्येसुद्धा आधी एक पेला येतो, मग भाकर, मग पुन्हा पेला.

जुनं_दप्तर

जालन्याचा धागा आणि नारायण शेषाद्रींचं नाव अजून कुणी घेतलं नाही?

थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रभुभोजनाचा आपल्याकडचा अर्थ इथं कळतो. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण, १८४३मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरींकडं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागून मिशनरींकडं राहायला गेला. वय लहान, म्हणून बापानं कोर्टात दाद मागितली आणि कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता! तरी मुंबईच्या ब्राह्मणांत रान पेटलं. का? तो मिशनरींच्या घरी राहिला होता, त्यांचं अन्न खाल्लं होतं. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन पोराला जातीत परत घ्या म्हणाले, तर त्यांच्यावरच बहिष्काराचं सावट आलं.

यातून काय दिसतं? मुलगा मनात काय मानतो याची कुणाला फिकीर नव्हती. त्यानं कुणाच्या घरचं खाल्लं, यावर सगळं अडलं होतं. आता असा समाज डोळ्यांपुढं आणा आणि त्यात पाळक सगळ्यांदेखत एक भाकर मोडतो, एकच पेला ओठांना लावून पुढं देतो. युरोपात याच विधीवर द्रव्य आणि तत्त्व यांचे ग्रंथ लिहिले गेले. इथं उष्टं-खरकटं हाच धर्मशास्त्राचा विषय होता.

पुढं नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालन्याला काम केलं, शहराजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. तिथं आलेली माणसं बहुतेक अशा जातींतली की ज्यांच्या हातचं पाणीही गाव घेत नसे. ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक त्यांच्याबरोबर एका मेजावर खातो-पितो, ही त्या काळच्या मराठवाड्यात साधी गोष्ट नव्हती.

तेरणेचं_पाणी

दप्तरराव, चित्र जरा जास्तच गोड काढलंत.

मी याच समाजातून आलो. मेज एक, पेला एक, मान्य. पण सोयरीक? आमच्या भागात लग्न ठरवताना "मूळचे कोण" हा प्रश्न अजून विचारतात, फक्त हळू आवाजात. आणि हे आपल्याकडचंच नाही. दक्षिणेत तंजावर, मद्रासकडच्या मंडळ्यांत वरच्या जातीचे ख्रिस्ती वेगळे बसायचे आणि पेला आधी त्यांना मिळायचा. मिशनरींनी वर्षानुवर्षं चालू दिलं. १८३३मध्ये बिशप डॅनियल विल्सननं फतवा काढला की हे बंद, ताबडतोब बंद. तर कितीतरी लोक चर्च सोडून गेले, पेल्याची रांग सोडली नाही. पौल ज्यांना झापतो ते करिंथकर काही फक्त पुस्तकात नव्हते.

पाळकाची_लेक

तेरणाभाऊ, तुमचं खरं आहे, आणि म्हणूनच मी तो अकरावा अध्याय पुढं केला होता. विधी आपोआप माणूस बदलत असता तर पौलाला पत्र लिहावंच लागलं नसतं.

जुनं_दप्तर

सोयरिकीबद्दल वाद नाही. पण शंभर वर्षांपूर्वी गावच्या विहिरीवर जे शक्य नव्हतं ते एका खोलीत दर महिन्याला होत होतं, एवढं तरी मांडूच द्या.

तेरणेचं_पाणी

मांडा. मी खोडलं नाही, पुढचं जोडलं.

दुधनाकाठ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. नाथषष्ठींनी आणि दप्तररावांनी जे लिहिलं ते तर शाळेत कुणी सांगितलं नाही. अजून दोन शंका. एक, त्या चर्चमध्ये गुडघे टेकून घेतात, पण आमचे एक मास्तर सांगायचे की पूर्वी जालन्यात बसल्या जागी मिळायचं. दोन, आमच्याकडं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. ती चालते का?

पाळकाची_लेक

मास्तरांचं पटण्यासारखं आहे. जालन्याचं मिशन स्कॉटिश, म्हणजे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ). त्यांची रीत अशी की लोक बसून राहतात आणि मंडळीतले नेमलेले ज्येष्ठ (एल्डर) भाकर-पेला बाकांपर्यंत आणतात. गुडघे टेकण्यात त्यांना मूर्तिपूजेचा वास यायचा. औरंगाबादचं काम अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, तिथं वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकायचे. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा चर्चसंस्था एक होऊन सीएनआय झाली आणि दोन्ही रिती एका छपराखाली आल्या. आता पाळक कुठल्या वळणाचा यावर बरंच ठरतं. मेथडिस्ट मंडळींचा एक मोठा गट, मूळ अमेरिकन मिशनचा, या एकीकरणात आला नाही. त्यांच्याकडं दारू वर्ज्य, म्हणून द्राक्षाचा न आंबवलेला रस. तो टिकवायची युक्ती १८६९मध्ये वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं काढली, चर्चच्या पेल्यासाठीच, आणि त्यातून पुढं मोठा धंदा उभा राहिला. आमची आई काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून रस करायची. आता कडवंचीकडं एवढ्या द्राक्षबागा झाल्यात, तरी सवय मनुकांचीच.

ज्वारीचं घोगरगावकर आधी सांगतील, त्यांचा नियम कडक आहे.

घोगरगावकर

नाही चालत. आमच्या चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९२४: भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी, द्राक्षारस द्राक्षांचाच. गव्हातलं ग्लूटेन ज्यांना सोसत नाही त्यांचा प्रश्न आला तेव्हा २०१७मध्ये रोमहून पुन्हा पत्र निघालं: कमी ग्लूटेन चालेल, पूर्ण काढलेलं नाही. खमिराचा वाद याहून जुना. आम्ही बेखमीर वापरतो, पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स खमीर घातलेली. १०५४ला रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांचं फाटलं त्या भांडणात हाही मुद्दा होता.

पाळकाची_लेक

आमच्याकडं खेड्यातल्या मंडळीत चकत्या पोचल्या नाहीत तर चपातीचे तुकडे केलेले मी पाहिलेत. ज्वारीच्या भाकरीचे पाहिले नाहीत. पण अँग्लिकनांच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकातली सूचना मजेशीर आहे: भाकर नेहमीच्या खाण्यातली असली तरी पुरे, मात्र सहज मिळेल तेवढ्या उत्तम, शुद्ध गव्हाची असावी. अर्ध्या वाक्यात मराठवाडा बसतो, उरलेल्या अर्ध्यात बसत नाही.

वसमतचा_वाटाड्या

उत्तम म्हणजे बन्सी की लोकवन, तेही तेव्हाच लिहून ठेवायला पाहिजे होतं. आता यावर पण परिषद भरवा.